मानाची किंमत कुणी मोजायची?

इनाझो नितोबे यांचं 'बुशिदो' हे छोटेखानी पुस्तक १९०० साली अमेरिकेत, फिलाडेल्फियामध्ये, इंग्रजीत प्रसिद्ध झालं. समुराईंची आचारसंहिता जगभर पोचली ती मुख्यतः या पुस्तकामुळे. न्याय, धैर्य, दया, शिष्टाचार, सचोटी, मान, निष्ठा आणि आत्मसंयम यांवर त्यात एकेक प्रकरण आहे. पुस्तक आलं तेव्हा कमरेला दोन तलवारी लावून हिंडणारा समुराई जपानच्या रस्त्यांवरून नाहीसा होऊन चोवीस वर्षं झाली होती. १८७६ च्या हुकुमाने तलवार बाळगायला बंदी झाली होती. वर्ग संपला, संहिता उरली. आज ती कराटेच्या वर्गात शिकवली जाते, व्यवस्थापनाच्या शिबिरांत सांगितली जाते, भाषणांत येते. तिच्यातलं काय घ्यावं आणि काय टाकावं, या प्रश्नाचा इथे दोन बाजूंनी विचार केला आहे.

संवादातली दोन्ही माणसं कल्पित आहेत. इतिहासातल्या घटना मात्र खऱ्या आहेत. मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आता सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या पोरांना शिकवतात. भाची पुण्यात जपानी शिकली आणि काही वर्षं एका जपानी कंपनीत दुभाषी होती. मामांनी पोरांपुढे बुशिदोवर बोलायचं ठरवलं आहे. भाचीला ते पटलेलं नाही.

शांततेच्या काळातली संहिता

मामा : अगं, यात वाद घालण्यासारखं आहे काय? आमच्या रेजिमेंटचं ब्रीद 'कर्तव्य, मान, साहस'. नितोबेंचं पुस्तक उघडलं की तेच तिकडे. शिपाई कुठल्याही देशाचा असो, ते वाचताना त्याला वाटतं की हा लिहिणारा आपल्याच पलटणीतला आहे.

भाची : मामा, नितोबे कुठल्याच पलटणीत नव्हते. समुराई घराण्यात जन्मले हे खरं, पण जन्म १८६२ चा. ते जाणते होईपर्यंत समुराईंचं राज्य मोडीत निघालं होतं. ते शेतीशास्त्र शिकले, ख्रिस्ती झाले, पुढे क्वेकर पंथात गेले, फिलाडेल्फियाच्या मुलीशी लग्न केलं. तुमच्या शाळांत धर्म शिकवत नाहीत, मग मुलांना नीती शिकवता तरी कशी, असं त्यांना एका बेल्जियन पंडिताने विचारलं होतं. त्याचं उत्तर शोधता शोधता हे पुस्तक झालं. एका सज्जन माणसाने परक्यांपुढे आपल्या देशाची बाजू मांडली, असं त्याचं स्वरूप आहे. पोरांना इतिहास म्हणून सांगाल तर त्यांची दिशाभूल होईल.

मामा : बाजू मांडली म्हणजे खोटं सांगितलं असं होत नाही. ती मूल्यं समुराईंच्यात होतीच की.

भाची : लढायांच्या काळात किती होती, ते बघू. १५८२ मध्ये क्योतोच्या होन्नोजी मंदिरात ओदा नोबुनागाला घेरलं कुणी? त्याच्याच सरदाराने, आकेची मित्सुहिदेने. १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई ऐन रंगात आली असताना कोबायाकावा हिदेआकी आपली फौज घेऊन दुसऱ्या बाजूला गेला आणि त्या फितुरीने जपानची पुढची अडीच शतकं ठरली. तोकुगावा घराणं सत्तेवर आलं ते त्या लढाईमुळे. ज्या काळात समुराई खरोखर लढत होते त्या काळात निष्ठा बाजारभावाने मिळत होती.

मामा : म्हणून तर संहिता लागली! दारू न पिणाऱ्या गावात दारूबंदीचा ठराव कुणी मांडत नाही. लोकांनी फितुरी बघितली, तिची फळं भोगली, मग निष्ठेचं मोल कळलं.

भाची : हे मानते मी. पण संहिता शब्दांत उतरली कधी ते बघा. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला. त्यानंतर शिमाबाराचं बंड सोडलं, तर दोनशेहून जास्त वर्षं मोठं युद्ध नाही. समुराई तांदळाचे हिशेब ठेवू लागला, वेशीवर पहारा देऊ लागला, पगारही तांदळातच. हातात तलवार आहे आणि लढाई नाही, अशा माणसाला आपण अजून योद्धे आहोत हे सिद्ध कसं करावं हा प्रश्न पडतो. 'हागाकुरे' हा ग्रंथ त्यातूनच आला. ज्याचे विचार त्यात आहेत तो यामामोतो त्सुनेतोमो सागा संस्थानात नोकरीला होता. आयुष्यात त्याने एक लढाई पाहिली नाही. १७०० मध्ये त्याचा धनी वारला तेव्हा धन्यामागे मरायची त्याची इच्छा होती, पण त्या धन्यानेच ती प्रथा बंद केलेली होती. मग त्याने मुंडण केलं, डोंगरात आश्रम केला आणि पुढे एका तरुण समुराईला आपले विचार सांगितले. मरणाची तयारी हाच समुराईचा मार्ग, हा त्या ग्रंथाचा सूर. जो मरू शकला नाही त्याने मरणाचं तत्त्वज्ञान सांगितलं, आणि १९३० च्या दशकात लष्कराच्या छायेत वाढणाऱ्या तरुणांच्या हातात ते पडलं.

मामा : हागाकुरे मलाही मानवत नाही. मरायला निघालेला जवान आपल्या सेक्शनला धोक्यात घालतो. आम्ही रंगरुटाला पहिल्या महिन्यात शिकवतो ते आड कसं घ्यायचं, जमिनीला कसं चिकटायचं. पण एक आहे. ज्याने आपल्या भीतीशी एकदा हिशेब मिटवला त्याचा हात गोळीबारात थरथरत नाही. एवढं मी त्या ग्रंथातून घेईन.

आकोचे सत्तेचाळीस

मामा : बरं, ग्रंथ राहू देत. माणसं घे. एप्रिल १७०१ मध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, किल्ल्यात आको संस्थानाचा धनी आसानो नागानोरी याने किरा योशिनाकावर तलवार उपसली. किरा दरबारी शिष्टाचार शिकवणारा बडा अधिकारी, त्याने आसानोचा पाणउतारा केला अशी कथा. किल्ल्यात शस्त्र काढणं हाच गुन्हा. त्याच दिवशी आसानोला पोट चिरून मरायची शिक्षा झाली, ज्याला आपण हाराकिरी म्हणतो आणि ते सेप्पुकु म्हणतात. किराला मात्र काहीच नाही. आसानोचे चाकर बेवारस झाले. त्यातल्या सत्तेचाळीस जणांनी जवळजवळ दोन वर्षं वाट पाहिली, जानेवारी १७०३ मध्ये बर्फातल्या रात्री किराच्या वाड्यावर चालून गेले आणि त्याचं मुंडकं सेन्गाकुजी मंदिरात धन्याच्या थडग्यापुढे ठेवलं. मग पळून गेले नाहीत. स्वतःहून हजर झाले. शेहेचाळीस जणांनी शिक्षा म्हणून सेप्पुकु केलं. आजही दर १४ डिसेंबरला तिथे लोक त्यांच्या थडग्यांपुढे उदबत्त्या लावतात. तीनशे वर्षांनी ज्यांच्यासाठी लोक रांग लावतात त्यांच्यात काहीतरी असणारच ना?

भाची : आहे, पण आधी हिशेब मांडू. आसानोला राग आवरला नाही. त्या एका क्षणासाठी आको संस्थान जप्त झालं, तीनशेच्या आसपास चाकर आणि त्यांची घरं उघड्यावर आली. नितोबे आत्मसंयमावर प्रकरण लिहितात. या गोष्टीत आत्मसंयम सुटला तो संहितेच्या सर्वांत वरच्या माणसाचा. किंमत मोजली खालच्यांनी. किराच्या वाड्यात त्या रात्री जे पहारेकरी कापले गेले त्यांचा तर आसानोशी काही संबंधच नव्हता. तेही आपापल्या धन्याशी निष्ठावंतच होते.

मामा : आणि ओइशी? त्या सत्तेचाळिसांचा म्होरक्या ओइशी कुरानोसुके आधी संस्थानाचा कारभारी होता. धनी मेल्याची बातमी आकोला आली तेव्हा बाजारात पळापळ झाली. संस्थानाने आपल्या कागदी नोटा काढलेल्या होत्या. संस्थानच बुडालं तर त्या कागदाला कोण विचारणार? ओइशीने तिजोरी उघडून त्या नोटा सहा दशांश भावाने वटवून दिल्या. किल्ला शांतपणे सरकारच्या ताब्यात दिला. बदला ही फार पुढची गोष्ट. पहिल्या आठवड्यांत त्याने वाण्याचे, कोळ्याचे, मिठागरवाल्याचे पैसे चुकते केले. नाटकवाले हे दाखवत नाहीत.

भाची : हे मात्र पोरांना जरूर सांगा. बर्फातल्या रात्रीपेक्षा मला ते मोठं वाटतं.

मामा : मला दोन्ही मोठं वाटतं. सरकारचीही पंचाईत झाली होती बघ. कुणी पंडित म्हणे, हे निष्ठावंत, यांना सोडा. ओग्यू सोराई म्हणाला, यांची भावना योग्य, पण ती खाजगी. कायदा सगळ्यांचा, तो मोडला तर राज्य राहणार नाही. म्हणून त्यांना चोरासारखं न मारता सेप्पुकुचा मान देऊन शिक्षा केली. कायदाही राखला, मानही राखला.

भाची : सोराईच्या बाजूने मी उभी राहीन. खाजगी मान आणि सगळ्यांचा कायदा यांची टक्कर होते तेव्हा कायदा वर. आज आपल्याकडे घराण्याच्या इज्जतीसाठी पोटच्या पोरीला मारणारेही मानाचंच नाव घेतात, मामा. म्हणून मला हा शब्द पोरांच्या हातात मोकळा द्यायची भीती वाटते.

मामा : पोरीला मारणारा भेकड असतो. त्याला समुराईच्या ओळीत बसवू नकोस.

भाची : मी बसवत नाही. तो स्वतःच जाऊन बसतो. त्याला तिथून उठवायचं तर आपल्याकडे काहीतरी कसोटी हवी. ती कुठली, हा माझा प्रश्न आहे.

सहा टक्क्यांचा धर्म

भाची : अजून एक. समुराई, बायकामुलं धरून, लोकसंख्येच्या सहा-सात टक्के. उरलेल्यांत बहुतेक शेतकरी, आणि त्यांच्या भाताच्या कोठारावर हे सगळे जगत. सामान्य माणसाने अवमान केला तर त्याला जागच्या जागी कापायची मुभा समुराईला होती. नंतर कारण पटवून द्यावं लागे, नाहीतर शिक्षा त्याच्यावर यायची, हे खरं. तरीही मुभा होती ती होतीच. नितोबेंच्या पुस्तकातली दया ही वरून खाली दिलेली दया आहे. खालच्याने मागितलेला हक्क त्यात कुठे नाही.

मामा : योनेझावाचा उएसुगी योझान तुला माहीत असेल.

भाची : नाव ऐकलंय. तुम्ही सांगा.

मामा : १७६७ मध्ये संस्थान हातात आलं तेव्हा पोर होता, सोळा वर्षांचा. संस्थान कर्जात बुडालेलं. त्याने काटछाट सुरू केली ती स्वतःच्या घरापासून. घरखर्च वर्षाला १५०० र्‍यो होता, तो २०९ वर आणला. वाड्यात पन्नास दासी होत्या, नऊ ठेवल्या. स्वतः सुती कापड घातलं. जेवणात एक सूप, एक भाजी. मग चाकरांना सांगितलं की आता तुम्हीही खर्च कमी करा, पडीक जमीन लागवडीला आणा. समुराईंच्या हातात कुदळ दिली त्याने. तेम्मेईच्या दुष्काळात बाहेरून तांदूळ विकत आणून लोकांना दिला. आणि १७८५ मध्ये गादी सोडताना वारसाला तीन कलमं लिहून दिली. मतलब एवढाच की राज्य आणि रयत राजाच्या मालकीची नाही, राजा त्यांच्यासाठी असतो.

भाची : म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या चार वर्षं आधी.

मामा : हो. आणि समुराईच्या संहितेत वाढलेल्या माणसाने. तुझा हिशेब त्याला लावून बघ. किंमत पहिल्यांदा कुणी मोजली? त्याने स्वतः.

भाची : त्याच्याच राज्यात १७७३ मध्ये सात ज्येष्ठ सरदारांनी सुधारणांना विरोध केला आणि त्यातल्या दोघांना सेप्पुकुची शिक्षा झाली, हेही आहे. पण तुमचा मुद्दा मी घेते. योझानने काटकसर खालच्यांवर लादण्याआधी स्वतःवर लादली. आसानोने आपला राग खालच्यांवर लादला. संहिता दोघांची एकच. म्हणजे संहिता चांगली की वाईट हा प्रश्नच अपुरा पडतो. मानाचं बिल कुणाच्या नावाने फाटतं, ते विचारायला हवं.

मामा : ही तुझी कसोटी का?

भाची : चालेल का बघू. युद्धाला लावून बघू.

कोहिमा

भाची : १८७३ मध्ये जपानने सक्तीची सैन्यभरती आणली. १८७७ मध्ये साइगो ताकामोरीच्या समुराईंचं बंड मोडलं ते याच शेतकऱ्यांच्या पोरांच्या फौजेने. मग सरकारने काय केलं? ज्या वर्गाला हरवलं त्याचीच संहिता या पोरांच्या गळ्यात घातली. १८८२ मध्ये सम्राटाचा सैनिकांना उद्देशून आदेश निघाला. सम्राटावरची निष्ठा हे पहिलं कर्तव्य ठरलं. १९४१ मध्ये युद्धमंत्री तोजोच्या नावाने रणांगणाची नियमावली निघाली. जिवंत पकडलं जाणं ही शरमेची गोष्ट, असं तिने सांगितलं. १९४४ मध्ये सायपान बेट पडलं तेव्हा बायका मुलांना घेऊन कड्यांवरून समुद्रात उड्या मारत होत्या. त्यांच्यातली एकही समुराई नव्हती. सहा टक्क्यांचा धर्म शंभर टक्क्यांवर लादला की काय होतं, ते तिथे दिसलं.

मामा : ते मी नाकारत नाही. पण त्याच वर्षातली दुसरी गोष्ट आमच्या पलटणीला जवळची आहे. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाक नावाच्या गावाजवळ लढाई झाली. मराठा पलटणीची चौथी बटालियन तिथे होती, पॅराशूट ब्रिगेडबरोबर. पाणी नाही, काटेरी तारा नाहीत, खडकात खंदक खणता येईनात. पाच दिवस रोखून धरलं. समोर जपानची ३१ वी डिव्हिजन होती, कोहिमाकडे निघालेली. त्या डिव्हिजनचा जनरल म्हणजे कोतोकु सातो.

भाची : सातोबद्दल मी वाचलंय.

मामा : तुझ्या कसोटीसाठी तोच माणूस घेऊ. सातोच्या फौजेला तीन आठवड्यांची शिधासामग्री देऊन चिंदविन नदीपलीकडे पाठवलं होतं. वरचा जनरल रेन्या मुतागुची. त्याने शब्द दिला होता की मागून रसद येईल. आली नाही. कोहिमाला एप्रिल गेला, मे गेला. जवान गवत आणि गोगलगायी खायला लागले. दारूगोळा संपला, पाऊस सुरू झाला. सातोने संदेशावर संदेश पाठवले. उत्तर एकच, ठाण मांडून राहा. मेअखेर त्याने कळवलं की आता मी माझी माणसं मागे घेतो. मुतागुचीने कोर्ट मार्शलची धमकी दिली. सातोने माघार घेतली. जपानी सैन्यात डिव्हिजनच्या जनरलने हुकमाविना रणांगण सोडणं ही न ऐकलेली गोष्ट.

भाची : पुढे मुतागुचीच्या मुख्यालयातून एक कर्नल आला, पांढरं कापड आणि तलवार घेऊन.

मामा : म्हणजे काय ते सांगायला नको. सातोने ते नाकारलं. माझ्यावर खटला चालवा म्हणाला, मला कोर्टात बोलायचं आहे. खटला चालला असता तर इम्फाळच्या मोहिमेचं सगळं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून लष्कराने त्याचं मानसिक संतुलन बिघडल्याचं ठरवलं आणि प्रकरण मिटवलं. त्या मोहिमेत जपानचे सुमारे ३० हजार सैनिक मेले, बरेचसे उपासमारीने आणि रोगाने.

भाची : आणि मुतागुची १९६६ पर्यंत जगला. ज्याच्या तोंडी रात्रंदिवस निष्ठा आणि बलिदान, त्याने स्वतःवर काहीच ओढवून घेतलं नाही. ज्याला भेकड म्हटलं, वेडा म्हटलं, त्याने आपलं नाव घालवून हजारोंचे जीव वाचवायचा प्रयत्न केला.

मामा : मी शिपाई आहे. हुकूम मोडल्याची गोष्ट मला सहज पचत नाही. सातो मागे फिरला तेव्हा त्याची माघार झाकायला मागे राहिलेल्या, त्याच्याच हाताखालच्या मियाझाकीच्या माणसांना फार सोसावं लागलं, तेही बिल कुणीतरी भरलंच. पण दोघांपैकी समुराई कोण, असं विचारशील, तर माझं उत्तर सातो. आमच्या अधिकाऱ्यांना देहरादूनच्या लष्करी अकादमीत शिकवतात की आधी देश, मग तुमची माणसं, आणि आपलं सुख, आपली सुरक्षितता सगळ्यांत शेवटी. मुतागुचीने तो क्रम उलटा केला.

हुकूम आणि नकार

भाची : मग आता आजचं बघू. कंपनीतल्या एका बैठकीत मी दुभाषी म्हणून बसले होते. पुरवठादाराकडून आलेल्या एका सुट्या भागाची चाचणी झाली होती. विभागप्रमुखांनी सांगून टाकलं की भाग ठीक आहे. माझ्या शेजारच्या तरुण इंजिनियरच्या वहीत वेगळा आकडा होता. त्याने पेन्सिलीने त्या आकड्याभोवती गोल काढला, क्षणभर प्रमुखांकडे पाहिलं आणि वही मिटली. मी भाषांतर केलं ते प्रमुखांच्या वाक्याचं. त्याला लाज नव्हती असं नाही. साहेबांचं तोंड सगळ्यांसमोर पडू द्यायचं नाही, हीच त्याची निष्ठा होती. उद्या तो भाग तुटला तर बिल भरणार कोण? रस्त्यावरचा कुणीतरी, ज्याने ती बैठक पाहिलेलीही नाही.

मामा : ती निष्ठा नाही, भीती आहे.

भाची : बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, हीच तर अडचण आहे. फुकुशिमाच्या अणुअपघातावर संसदेने नेमलेल्या आयोगाने २०१२ मध्ये अहवाल दिला. अध्यक्ष कियोशी कुरोकावा यांनी त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलं की मूळ कारणं आपल्या संस्कृतीत आहेत, प्रश्न न विचारता ऐकण्याच्या सवयीत आहेत. कामाच्या अतिरेकाने माणसं मरू लागली तेव्हा कारोशी हा शब्द रुळला आणि २०१४ मध्ये ते रोखायला खास कायदा करावा लागला. लढाई नाही, धनी नाही, तरी माणसं निष्ठेने मरतात.

मामा : त्याच फुकुशिमातला मासाओ योशिदा घे. अणुवीज केंद्राचा प्रमुख. १२ मार्च २०११. अणुभट्टी थंड ठेवायला समुद्राचं पाणी सोडणं चालू होतं. पंतप्रधान कार्यालयाची संमती नाही म्हणून कंपनीतून सांगणं आलं की थांबवा. योशिदाने काम बघणाऱ्या माणसाला जवळ बोलावलं, हळू आवाजात सांगितलं की मी आता थांबवायचा हुकूम देईन, पण तू पाणी अजिबात थांबवू नकोस. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा हुकूम दिला. पाणी चालूच राहिलं. हजारो माणसांच्या जिवाची जबाबदारी त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतली. पुढे कंपनीने त्याला समज दिली.

भाची : योशिदापुढे मी हात जोडते. पण मामा, त्याला ते हळू आवाजात का सांगावं लागलं? ज्याला अणुभट्टी समजते त्या माणसाला खरं बोलायला नाटक करावं लागतं, तर त्या व्यवस्थेत काहीतरी मोठं चुकलंय. सातो एकटा, योशिदा एकटा. दर वेळी एखादा असा निघेल म्हणून आपण वाट बघत बसायचं का?

मामा : समुराईंच्यात त्याचीही सोय होती. धनी वाट चुकला तर त्याला तोंडावर सांगणं हे चाकराचं कर्तव्य मानलं जाई. ऐकलं नाही तर जीव देऊन सांगत. हिराते मासाहिदेने तरुण नोबुनागासाठी १५५३ मध्ये सेप्पुकु केलं ते त्याला शुद्धीवर आणण्यासाठी, असं सांगतात. आणि त्याहून चांगली सोय पुढे आली. धनी संस्थान बुडवायला निघाला तर ज्येष्ठ कारभारी एकत्र येऊन त्याच्या तलवारी काढून घेत आणि त्याला वाड्यातल्या खोलीत कोंडून ठेवत. तो सुधारला तर बाहेर काढत, नाहीतर वारस गादीवर. निष्ठा घराण्याशी आणि राज्याशी, एका माणसाच्या लहरीशी नाही.

भाची : ओशिकोमे म्हणत त्याला. ओकाझाकीच्या मिझुनो तादातोकीला १७५१ मध्ये असंच कोंडलं. पण तोही सुधारणा करू पाहत होता आणि कारभाऱ्यांना आपले जुने अधिकार सोडायचे नव्हते, हेही विसरू नका. नकार देणाराही स्वतःसाठी नकार देऊ शकतो. कसोटी नकारालाही लावावी लागेल.

मामा : लाव की. सातोला लावून बघ, क्रमाने. आधी त्याने रसद मागितली, पुन्हा पुन्हा. मग कळवलं की यापुढे थांबणं शक्य नाही. मग माघार घेतली ती उघडपणे, स्वतःच्या नावावर. आणि शेवटी म्हणाला, माझी चौकशी करा. हुकूम मोडणाऱ्याने एवढं केलंच पाहिजे. नाहीतर उद्या प्रत्येक कामचुकार स्वतःला सातो म्हणवून घेईल.

भाची : हे मला पूर्ण मान्य. आता माझी बाजू जोडते. तो म्हणाला चौकशी करा, तेव्हा चौकशी व्हायला हवी होती. त्याला वेडा ठरवायची वाट बंद हवी. फॅक्टरीत, इस्पितळात, पक्षात, पलटणीत, खालच्याने लेखी हरकत घेतली तर ती फाडता येऊ नये आणि हरकत घेणाऱ्याला कामावरून काढता येऊ नये. मानावर एवढा भरवसा असेल तर अशा कायद्याचं वावडं कशाला? ज्याची निष्ठा खरी आहे त्याला या नियमाने काही तोटा नाही.

मामा : नियम हवेत, मी कुठे नको म्हणतो? पण वही मिटणाऱ्या त्या पोराला नियम माहीत नव्हता का? असणार. तरी त्याने वही मिटली. ती उघडायला जे लागतं ते कायद्याने पुरवता येत नाही. आपण गप्प बसलो तर स्वतःच्या नजरेतून उतरू, असं ज्याला वाटतं तोच उघडतो. त्यालाच मी मान म्हणतो, आणि पोरांना तोच शिकवायचाय.

भाची : मग तो असा शिकवा की त्याची पहिली झळ ज्याचा मान आहे त्याला लागेल. हागाकुरे आणि बर्फातली रात्र याआधी ओइशीच्या नोटा सांगा, योझानचा सुती कपडा सांगा, सातोने मागितलेला खटला सांगा. आणि मुतागुचीचं नाव गाळू नका. भाषणात मान आणि बलिदान आलं की पोरांनी आधी बघावं, बोलणारा स्वतः काय पणाला लावतोय.

मामा : असा प्रश्न करणारी पोरं भरतीत पास होतील का, याची मला काळजी नाही. होतील. पुढे हवालदार झाली, सुभेदार झाली, तेव्हा खालच्या जवानाने तोंडावर खरं सांगितलं तर ऐकून घेतील का, याची आहे. ते शिकवायला मला जन्मभर जमलं असं मी म्हणणार नाही, पण जमवायला हवं. रविवारी तू ये वर्गात. सातोची बाजू मी मांडतो. तू पोरांना सांग की सातो चुकला असता तर त्याला कुणी आणि कसं थांबवायचं.